घाटात न लागणारी गाडी

४ जानेवारी १९९९, वाशी

च्यायला, नंदकिशोरनं जीप घेतली! शेजारच्याच गाळ्यात कांदा विकतो, माल माझ्या निम्मा, अन् एसी लावून मार्केटात येतो. मग हा हौसेराव गप्प बसेल? मोठी गाडी घ्यायचीच.

बायकोला, मुक्ताला म्हणालो, तुझ्यासाठीच घेतोय. बाईला घाटात गाडी लागते. भारी गाडीत लागायची नाही! ती म्हणाली, "तीन वर्षं वाईला गेले नाही. आई डोळे लावून बसलीय." खरंय. खंबाटकीत एस.टी.च्या खिडकीशी तिचे हाल बघवत नाहीत. माझं पोट लोखंडी.

१० जानेवारी

शोरूम. निशांत नावाचं टायवालं पोरगं टर्बो, टॉर्क काय काय सांगत होतं. मी बॉनेट ठोकलं, सीट दाबून बघितली. भाव विचारायची वेळ आली, तसा सवयीनं खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला अन् खालून बोटं धरली. मार्केटात भाव असाच ठरतो, तोंडानं नाही! पोरगं लालेलाल. हात सोडवून मॅनेजरकडे पळालं. मुक्ता हसून हसून सीटवर आडवी.

१७ जानेवारी

नवी परवडत नाही. करावे गावात सेकंडहँड सिएरा गाडी बघितली. एकाच डॉक्टरनं वापरलेली, टापटीप. पण वरची साल बघून कांदा घेऊ नये. मागं चार गोणी टाकल्या, मुक्ताला शेजारी बसवलं अन् पारसिक डोंगराच्या चढावर घातली. गाडी हूं की चूं नाही! मुक्ता पहिल्याच वळणाला — "थांबवा!"

कांद्याचा वास म्हणे. त्याच वासावर घर चाललंय बाई!

१८ जानेवारी

गोणी काढून गाडी त्याच चढावर नेली. परत "थांबवा!"

२४ जानेवारी

सोसायटीतली उज्ज्वला मुक्ताला सांगते, चालवणाऱ्याला कधी गाडी लागत नाही. मी म्हणालो, मग एस.टी.चं स्टिअरिंग माग! मुक्ता हसली नाही. जेवलीही नाही. वाईट वाटलं. पण सरळ बोलेल ती आमची जीभ कसली.

२ फेब्रुवारी

घेतली सिएरा! नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं, काचेवर 'मुक्ताई' लिहून घेतलं. नंदकिशोर पेढा खाऊन म्हणाला, "जुनी आहे का?" मेल्याला दुसरा पेढा दिला नाही.

मुक्ता काही बसायला तयार नाही. मग कुणासाठी घेतली मी?

२० फेब्रुवारी

मुक्ता रोज दुपारी भाजीला जाते. भाजी येत नाही. विचारलं तर "महाग होती." वाशी मार्केटातल्या माणसाच्या बायकोनं हे सांगावं!

१८ एप्रिल, वाई

सकाळी मुक्ता पदर खोचून माझ्या जागी बसली. पर्समधून लायसन काढून नाकासमोर धरलं! खंबाटकीत चार ट्रक मागं टाकले बाईनं, तोंडानं गाणं चालूच. सासूबाई लेकीला मिठी मारून रडल्या, मग मला विचारलं, "जावईबापू, चेहरा का उतरलाय?"

खांद्यावरचा रुमाल धुऊन वाळत घातलाय. लोखंडी पोट म्हणे!