उपाशी कोळ्यांची परीक्षा

अमरावती
८ सप्टेंबर २०२५

ती. आईस सा. जयभीम. वि. वि.

तुझे कान आणि माझा फोन यांचं काही जमत नाही, म्हणून पत्रच लिहिते. काल अकोल्याहून निघताना तू 'हो हो' म्हणालीस खरी, पण तुझं हो-हो मला ठाऊक आहे. म्हणून पुन्हा सांगते. इथं वसतिगृहात ढेकणांसाठी फवारणी चालू आहे, माझे कोळी एका दिवसात मेले असते. म्हणून त्या बरण्या तुझ्याकडे ठेवल्या. कापसाच्या बोळ्यावर रोज पाण्याचा थेंब टाक. खायला मात्र काही म्हणजे काही द्यायचं नाही. पोट भरलेला कोळी शिकारीला उठत नाही.

तू विचारलंस, एवढ्याशा किड्याची कसली परीक्षा? ऐक. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणत नाहीत. मांजरीसारखा दबा धरतात आणि उडी घालतात. मी त्याला एका मचाणावर ठेवते. समोर माशी दिसते, पण उडी पुरत नाही. मग माशीकडे पाठ करून त्याला खाली उतरावं लागतं. खाली दोन वाटा, त्यातली एकच माशीपर्यंत जाते, आणि खालून माशी दिसतसुद्धा नाही. तरी तो बरोबर वाट धरतो. म्हणजे वरून पाहतानाच त्यानं ठरवलेलं असतं. डोकं किती, तर मोहरीएवढं!

१७ तारखेला हेच समितीपुढं करून दाखवायचं आहे. नाही जमलं तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, तसं लेखीच आलं आहे. चार वर्षं घातली आहेत मी यात, आई. अश्विनदादा त्या दिवशी सकाळी बरण्या घेऊन येईल.

माया जवळ असू दे आणि माश्या लांब असू देत.

तुझी
माधवी

—

अकोला
१२ सप्टेंबर २०२५

चि. माधवीस अ. आ. व जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. मी बहिरी झाली म्हणून येडी नाही झाली, एकदा सांगतलं तं समजते मले.

तुह्ये कोळी लय अजब हायेत बापा! मी खोलीत इकडून तिकडं गेली का तोंड फिरवून मले पाहतात. किड्याचं पाहणं असं रायते काय? समोरचे ते दोन मोठे डोळे पाह्यले का वाटते, आता हे काई तरी बोलते. काल काचीवर बोट फिरवलं तं एक बोटामागं धावला. अन् उडी घ्यायच्या अगोदर त्यानं खाली धागा चिकटवला, विहिरीत उतरणारा कमरेले दोर बांधते तसा. एवढी अक्कल आपल्या अश्विनले असती तं त्यानं गाडीवर हेल्मेट घातलं असतं.

पण त्याईले उपाशी काहून ठेवतं वो माय? तुह्या परीक्षेले मी तुले दही-साखर खाल्ल्याबिगर कधी घराबाहेर पाय टाकू देल्ला नाही. जाऊ दे, तू शिकलेली हायेस.

इकडं सगळं बरं हाय. सयपाकखोलीत माश्या लय झाल्त्या, आताशा कमी झाल्या. तू जेवत जाय. त्या मेसच्या पोळ्याईनं पोट भरत नाही.

जीव लावतं तसा लावत राय.

तुही आई
इंदूबाई

—

अमरावती
१८ सप्टेंबर २०२५

ती. आईस जयभीम.

काल समिती बसली. पहिला कोळी मचाणावर ठेवला. त्यानं माशीकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि पुढचे पाय घासत बसला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानं तर कोपऱ्यात स्वतःभोवती पांढरी पिशवी विणली आणि आत जाऊन झोपला! एक सर हसत म्हणाले की मॅडमचे कोळी जेवूनखाऊन आलेले दिसतात. मीही हसले, काय करणार? दुसरे सर दारातून जाताना, मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात म्हणाले की राखीव जागेवर आलेल्यांकडून आणखी कसली अपेक्षा करायची. हे वाक्य कोणाच्या तोंडून निघायला नको म्हणूनच मी चार वर्षं मरमर मेले.

सगळे गेल्यावर बरण्या उजेडात धरल्या. उपाशी कोळ्याचं पोट सुकतं, आणि यांची पोटं टम्म होती. एका बरणीच्या तळाशी माशीचा पंख पडला होता.

आई, तू त्याईले खाऊ घातलं काय? मले सरळ सांग.

माधवी

—

अकोला
२२ सप्टेंबर २०२५

चि. माधवीस अ. आ.

होय, घातलं. लपवून नाही राह्यली मी.

पयल्या दिवशी नाही देल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तं सगळेच्या सगळे काचीले तोंड लावून माह्याकडं पाहून राह्यले. एकेक माशी धरली अन् टाकली. मंग रोजच टाकली. तू लिवलेलं वाचलं होतं मी. पण मले वाटलं, परीक्षा हाय, उपाशी लेकरू परीक्षेत काय दिवे लावीन? पोट भरलं तं चांगलं पळतील. पुस्तकातलं सगळंच खरं रायते, असं मले नाही वाटलं.

एक गोष्ट तुले कधी सांगतली नाही. बहात्तरच्या दुष्काळात माय अन् बाप खडी फोडाले जात. लहान बहीण सुभद्रा माह्याजवळ राहे. भाकर झाकून ठेवजो, दिवस डुबल्याबिगर देऊ नको, असं माय बजावून जाये. मी मायचं ऐकलं. सुभद्रा दिवसभर माह्याकडं पाहे. मागे नाही, रडे नाही, नुसती पाहे. त्याच दुष्काळात गेली बिचारी. तवापासून उपाशी जीव समोर आला का मले कोणाचंच ऐकवत नाही. तुह्यं बी नाही ऐकलं.

म्हणशील तं त्या सराईपुढं येऊन उभी राहीन. चूक माही होय, पोरीची नाही, असं सांगीन. राग कर, पण जेवण सोडू नको.

तुही आई
इंदूबाई

—

अमरावती
२७ सप्टेंबर २०२५

ती. आईस जयभीम.

तू येऊ नकोस. मी समितीला सगळं सांगून पाहिलं. घरी आईनं खाऊ घातलं म्हटल्यावर खोलीभर हशा पिकला. काल पत्र आलं. नोंदणी रद्द झाली.

खोलीची किल्ली परत द्यायच्या आधी मी मचाण एकदा लावलं. या वेळी कोळी खरंच उपाशी होते. पहिल्यानं माशी पाहिली, इकडेतिकडे नजर फिरवली आणि माशीकडे पाठ करून खाली उतरला. चुकीच्या वाटेशी जरा थबकला, तिला सोडून दुसरीनं वर चढला आणि माशीवर झडप घातली. मागोमाग जवळजवळ सगळे तसेच गेले. चार वर्षं मी म्हणत होते ते सगळं त्यांनी करून दाखवलं, आणि बघायला एकही माणूस नव्हता. मग त्यांना बाहेर बाभळीवर सोडून दिलं.

सुभद्रामावशीचं वाचून फार रडले. तू वाईट नाहीस, हे मला कळतं. पण कळून राग जात नाही, काय करू? कोळी काही न बोलता तुह्याकडं पाहत होते, तं तुले त्याईची भूक समजली. म्या तं लिहून मागतलं होतं, आई.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर यंदा दादासोबत जा. मी येणार नाही.

लोभ आहे. सध्या तो मागू नकोस.

माधवी