लालात लाल छत्तीस पाट्या

गुरुवार, ता. १४ नोव्हेंबर. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. कारखान्यात, रंगाच्या उलट्या डब्यावर बसून, डाव्या हाताच्या नखांतला पांढरा रंग टाचणीने काढत.

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? जिना उतरताना कठडा धरता ना? (धरत नसालच, पण आईने विचारायला सांगितलं आहे.) मी खुशाल आहे, म्हणजे निदान शरीराने.

आपण बोललो त्याला पावणेतीन महिने झाले. तुम्ही तीस वर्षं हाताने दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, आणि सख्ख्या भाच्याने जाऊन पाट्या कोरणाऱ्या यंत्रावर नोकरी धरली. "शत्रूच्या घरी पाणी भरतोस, भर!" असं तुम्ही म्हणालात. मी भरतो आहे. पण तीन महिने काम बघून ठेवायचं की काढायचं ते मालक ठरवणार, अशी बोली होती, आणि ते तीन महिने येत्या शनिवारी भरतात. त्यातच परवा एक प्रकार घडला. तो तुमच्या कानावर बाहेरून जाण्याआधी मीच घालतो.

आमच्याकडे प्लास्टिकचा पत्रा येतो, तो थरांचा असतो. वर लाल, मध्ये पांढरा, खाली पुन्हा लाल. वरचा नि खालचा थर नखाएवढा पातळ, मधला त्याहून जाड. यंत्राच्या टोकाला एक बारीक फिरतं पातं असतं. ते वरचा लाल थर खरवडतं, मधला पांढरा उघडा पडतो, आणि झाली अक्षरं. रंग नाही, ब्रश नाही. (इथे तुम्ही "हं" म्हणालात, ते मला ऐकू आलं.) या कामात सगळी अक्कल एकाच गोष्टीत आहे, पांढऱ्यावर थांबण्यात. आणि मामा, देवाने मला सगळं दिलं, फक्त थांबणं द्यायचं राहिलं. कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. एकदा नळ बंद केला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत आलो, तर नळ बंद होता, पण तो पुन्हा पुन्हा पिळून मी त्याचा आटा घालवला आणि तेव्हापासून तो गळतो. शाळेत माझं गणिताचं पहिलं उत्तर बरोबर असायचं. मग मी ते तपासायचो. (नववीत दोनदा बसलो तो या तपासण्यामुळेच. बाईंनी प्रगतिपुस्तकात तसं लिहिलंही होतं.)

तर काम आलं होतं नव्या दवाखान्याचं. छत्तीस दारं, छत्तीस पाट्या, रविवारी सकाळी उद्घाटन. डॉक्टरांना हाच लाल हवा होता, आणि त्या लालाचा एकच मोठा पत्रा शिल्लक होता. पुढचा माल तीन आठवड्यांनी. छत्तीसच्या छत्तीस नावं मी आधी तीनदा तपासली. एक वेलांटी चुकलेली नव्हती. "तुझ्यासारखा शुद्ध लिहिणारा या धंद्यात औषधालाही मिळायचा नाही," असं मालक म्हणाले, आणि शनिवारची काळजी मी निम्मी सोडली. (सगळी सोडायची सवय नाही.)

मंगळवारी सकाळी यंत्र सुरू केलं. दोन तासांत छत्तीसही पाट्यांवरून एक फेरी झाली. अक्षरं पांढरीशुभ्र, कडा रेखीव. थांबायची जागा हीच. मी भिंग घेऊन वाकलो, तर 'प्रसूती कक्ष' मध्ये एका कोपऱ्यात लाल तंतू दिसला. म्हटलं, थर नीट निघाला नाही. (तो माझ्या स्वेटरच्या बाहीचा धागा होता, हे दुपारी कळलं.) मी 'पुन्हा' हे बटण दाबलं. यंत्र फार आज्ञाधारक आहे. पहिल्या फेरीत जेवढं खाली गेलं होतं, तेवढंच तिथून आणखी खाली जातं आणि का म्हणून विचारत नाही. दुसरी फेरी झाली. आता दोनवर थांबणं म्हणजे कुलूप दोनदाच ओढून निघून जाणं. मी तिसऱ्यांदा दाबलं.

आणि गंमत बघा, तीन फेऱ्यांनंतरही अक्षरं पांढरीच! उलट आधीपेक्षा भरदार. मालक हात मागे बांधून आले, लांबूनच म्हणाले, "वा! दुधासारखी उतरलीत." त्यांनी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांचं उत्तरही आलं, अप्रतिम म्हणून. मग मालक म्हणाले, "आता जरा झाडून घे." मी कुंचला घेतला, पहिल्या पाटीवरून फिरवला, आणि अख्खा बालरुग्ण विभाग सुपलीत आला.

तो सगळा मधल्या थराचा भुगा होता, मामा. पातं पांढरा थर पार खाऊन तळाच्या लालापर्यंत पोचलं होतं, आणि खाल्लेला पांढरा खोबणीत तसाच बसून राहिला होता. भुगा गेला, खाली लाल. लालात लाल. तिसऱ्या पाटीपर्यंत मला सगळं समजलं होतं. उरलेल्या तेहतीस मी खात्री करायला झाडल्या.

मालक 'दंतचिकित्सा' वरून बोट फिरवून म्हणाले, "वाचता येतंय की. पेशंटना सांगू, दारं चाचपत जा." मग माझ्याच डब्यावर बसले. "अरे, एकदा तरी चुकून कमी काम कर!" मी म्हटलं, पाट्या उलटून मागून कोरू का? ते म्हणाले, "कोर. मधला पांढरा तुझ्या सुपलीत आहे, तो आधी परत चिकटव."

एकच मार्ग उरला. खोबणी खोल आहे, ती हाताने पांढऱ्या रंगाने भरायची. मालकांनी 'हृदयरोग' भरून पाहिला, तर तो चौकटीपर्यंत पसरला. मी 'दंतचिकित्सा' घेतली. ती टूथपेस्टने लिहिल्यासारखी झाली. (विषयाला धरून होतं, पण मालक हसले नाहीत.) हात हलू नये म्हणून मी श्वास रोखतो, पण शेवटी श्वास घ्यावाच लागतो, तेव्हा 'कि' ची वेलांटी शेजारच्या अक्षरात शिरते. सगळं पुसून काढलं. छत्तीस पाट्या पुन्हा कोऱ्या लाल आहेत.

बाकी सर्व क्षेम. मागणं काही नाही, सहज कळवलं. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सहज नाही कळवलं. मामा, तुम्ही या. तुमचा तो लांब केसांचा बारीक ब्रश घेऊन या. इथे यंत्र आहे, मोजपट्ट्या आहेत, भिंग आहे, पण रंग भरता येणारा एक माणूस नाही. "हाताचं काम आता संपलं" असं मी जेवताना म्हणालो होतो, ते तोंडात घास असताना आणि मोठा दिसायला म्हणालो होतो. ते चूक होतं. हे मी एकदाच लिहितो आहे आणि तपासत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ते घेऊन आलेले आणि आत यावं की न यावं या विचारात दारात उभे असलेले टकलू गृहस्थ, ते माझे मालक. मामा कधीच 'हो' म्हणाले आहेत आणि पाकिटात नुसती सामानाची यादी आहे, असं मी त्यांना सांगितलं आहे. म्हणून वाचताना आठ्या घालू नका. अधूनमधून "पांढरा, बरं," "टर्पेंटाइन, बरं," असं काहीतरी म्हणत राहा. मामींना पुढे येऊ देऊ नका. तुम्ही घरात मालकांना 'खरडबहाद्दर' म्हणता ते मामींच्या तोंडात पक्कं बसलं आहे.

ता. क. तिसरा. यायचं नसलं तरी मालकांच्या गाडीत बसा. नाही म्हणायचं ते इथे येऊन मला म्हणा. पावणेतीन महिन्यांत तुम्ही मला तेवढंही म्हणाला नाहीत.