शांतारामभाऊंचं जॅकेट

आगाशी,
४ जुलै २०२५

चि. सिस्टर सँड्रा हिस अ. उ. आ.

धाकट्या बहिणीला आशीर्वाद द्यायचा की कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरकडून घ्यायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. या खेपेला मात्र घ्यायची पाळी माझीच आहे.

माझ्या शाळेतल्या मनोरमाबाई तुला आठवत असतील. निवृत्तीनंतर चिपळूणला गेल्या. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रंच लिहितात. त्यांची नात अनुष्का शिकायला कॅनडाला निघाली आहे आणि तिला आजोबांचं चामड्याचं जॅकेट हवं आहे. आमचा ऑस्टिन तिकडे निघाला तेव्हा बाईंच्या यजमानांनी, शांतारामभाऊंनी, ते स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर चढवलं होतं. भाऊ आता नाहीत. ऑस्टिनला लागत नसेल तर मिळेल का, असं बाईंनी फार संकोचाने विचारलं.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. ऑस्टिन पहिल्याच सुट्टीत ते इथे टाकून गेला. असलं जुनाट घालून ऑफिसात हसं होतं म्हणे. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. बाईंचं पत्र आल्यावर बाहेर काढलं, तर कॉलरपासून अस्तरापर्यंत बुरशी, आणि वास असा कुबट की आमचे फ्रेडरिक जेवण सोडून ओट्यावर जाऊन बसले.

मग मी बाईंना काय लिहिलं असेल? लिहिलं की जॅकेट कॅनडातच आहे, ऑस्टिन थंडीत रोज घालतो. काल त्यांचं उत्तर आलं. त्यांचा आनंद पत्रात मावत नाही. अनुष्का त्याच शहरात जाते आहे, तेव्हा ऑस्टिनने ते विमानतळावरच आणावं, असं त्या म्हणतात.

आपल्या शेजारचा लेस्टर सुट्टीवर आलाय, तो पुढच्या महिन्यात तिकडे परत जातो आहे. त्याच्या सामानातून गुपचूप पाठवीन म्हणते, पण आधी हा वास जायला हवा. तुमच्याकडे मुली चामड्याच्या पिशव्या शिवतात. उपाय कळव, आणि माझ्यासाठी प्रार्थनाही कर.

तुझी,
रोझमेरी


नाशिक,
१० जुलै

ती. रोझमेरीताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रार्थनेआधी वाचलं, ही चूक झाली. फ्रेडरिकभाऊजी डोळ्यांसमोरून हलेनात.

उपाय आमच्याकडे पिशव्या शिवायला शिकवणाऱ्या कार्मिनबाईंना विचारला. बुरशी घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने कोरडी झाड. मग व्हिनेगर, आपला शिरका, आणि पाणी समसमान घेऊन त्यात फडकं भिजव, घट्ट पिळ आणि पुसून काढ. चामडं भिजवू नकोस. उन्हात तर मुळीच नको, तडकेल. सावलीत, वारं लागेल अशा जागी टांग आणि खिशांत कॉफीच्या पुरचुंड्या ठेव. पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घालू नकोस, जुन्या सुती चादरीत ठेव.

हे झालं जॅकेटचं. तुझ्या थापेवर शिरका चालणार नाही. मनोरमाबाईंना आजच्या आज खरं लिही. बुरशी पाहून त्यांना वाईट वाटेल, पण थाप उघडी पडली तर अपमान वाटेल. रागावू नकोस, तूच मला लहानपणी असं बोलायला शिकवलंस.

तुझी,
सँड्रा


आगाशी,
२४ जुलै

चि. सँड्रा हिस अ. उ. आ.

तुझं निम्मं ऐकलं आणि त्यातही घोळ घातला. शिरक्याने बुरशी गेली, वासही बराचसा गेला. पण या पावसात सावली आणि वारा दोन्ही मिळेल अशी जागा घरात एकच, माळा. तिथे टांगलं. अर्नाळ्याहून घेतलेले पावसाळ्याचे सुके बोंबील तिथेच आहेत, हे मला सुचलंसुद्धा नाही. जन्मभर त्या वासात राहिलेल्या बाईला तो येतो कुठे? आता कुबटपणा गेलाय आणि, फ्रेडरिक म्हणतात, जॅकेटला बोंबलांचा वास लागलाय.

हसून घे. पुढचं हसण्यासारखं नाही. अनुष्काने परस्पर ऑस्टिनला फोन केला. मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. तो सहज म्हणाला, की ते आईच्या पेटीत असेल, मी कधी घातलंच नाही. आज बाईंचं पत्र आलं. एरवी दोन पानं असतात, आज एकच ओळ आहे. ऑस्टिन म्हणतो ते खरं का, एवढंच विचारलंय.

दुपारी बाजारात आमच्या शाळेतल्या एक बाई दिसल्या आणि मी तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत शिरले. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकही नाही.

तुझी,
रोझमेरी


आगाशी,
२५ जुलै

ती. मनोरमाबाईंस, सा. न. वि. वि.

ऑस्टिन म्हणाला ते खरं आहे. जॅकेट सोबत पाठवते आहे. पेटीत बुरशी लागली होती ती मी काढली, बोंबलांचा वासही माझ्याच हातून लागला. सुती कापडात टांगून ठेवलंत तर तो जाईल.

बुरशीची लाज होतीच, पण खोटं बोलले ते बुरशी लपवायला नव्हे. भाऊंनी एवढ्या मायेने दिलेली वस्तू माझ्या मुलाला नकोशी झाली, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तुमच्या नजरेत तो चांगला राहावा असं वाटलं, आणि मीही. आता दोघंही उतरलो.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी माझी तक्रार नसेल.

आपली,
रोझमेरी


चिपळूण,
३ ऑगस्ट

प्रिय रोझमेरीस, अ. आ.

पार्सल मिळालं. पोस्टमनच्या मागोमाग शेजारची मांजरंही आली. जॅकेट ओसरीवर टांगलं आहे. अनुष्का ते घेऊनच जाणार आहे, वासासकट चालेल म्हणते. ऑस्टिनवर तिचा राग नाही. चोवीस वर्षांच्या मुलाने तरी म्हाताऱ्याचं जॅकेट का घालावं, असं उलट मलाच विचारते.

मी मात्र रागावले होते. चार दिवस तुझं पत्र फोडलं नाही. जॅकेट खराब झालं म्हणून नाही. ऑस्टिन ते रोज घालतो, असं तू लिहिलंस ना, ते पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. मला ऐकू येत नाही म्हणून आवाजही चांगला चढवला होता. आजारपणात हे अधूनमधून विचारायचे, पोराला होतं का गं ते अंगाला? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्या पत्रामुळे देता आलं.

तुझं खरं पत्र वाचलं आणि ते घेऊन पुन्हा फोटोसमोर गेले. वाचवेना. घडी घालून ठेवून दिलं.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही, रोझमेरी. त्यांच्यापुरतं ऑस्टिन ते अजून रोज घालतो. तेव्हा थाप आता माझीही झाली, आणि तुझ्याकडे पाहायची लाज मलाही वाटणार आहे. नाताळच्या सुट्टीत ये. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
मनोरमा