हिरो शेवटच्या रिळात पोचतो

१४ सप्टेंबर, मॉरिसव्हिल
वीणा आज आमच्या अदितीला घेऊन जर्सी सिटीला राहायला गेली. इथून गाडीनं आठ-नऊ तास. नवी नोकरी हे निमित्त. खरी तक्रार म्हणजे मी तिचं ऐकत नाही. ही तक्रार तिनं मॅच चालू असताना केली, त्यामुळे नीट ऐकू आली नाही. इथल्या कायद्यानं घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. वर्ष म्हणजे भरपूर वेळ.

२ ऑक्टोबर
लायब्ररीत दर बुधवारी जुन्या हॉलिवूड सिनेमांचा क्लास लावला. बाई छान शिकवतात. हिरोला एक ध्येय, वाटेत अडचणी, डोक्यावर मुदत, शेवटच्या मिनिटाला हिरो धावत पोचतो. मग चुंबन, समाप्त. वहीत लिहिलं : ध्येय वीणा, मुदत १४ सप्टेंबर. सगळं बसतंय.

९ नोव्हेंबर
दिवाळीचा फोन राहिला. मुद्दामच. पहिल्याच अंकात समेट झाला तर पुढे सिनेमा कशाला? अदितीचा मेसेज : बाबा, आर यू अलाइव्ह? म्हणजे उत्सुकता निर्माण झाली आहे.

१८ जानेवारी
वीणाचा फोन. पुण्यात तिच्या आईची बायपास ठरली आहे. अदितीची शाळा बुडवता येत नाही. मी पुण्याला जाते, तू दहा दिवस इथे येऊन अदितीजवळ राहशील का, विचारत होती. आवाज रडवेला. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. शिवाय मधल्या अंकात हिरोनं इतकं जवळ जाणं चूक. जमणार नाही म्हटलं. आता तिच्या जवळच्याच एडिसन गावातल्या सुलभामावशी अदितीजवळ राहायला जाणार आहेत. सत्तरीच्या आहेत, पण हौस दांडगी.

११ मार्च
वीणाची आई गेली. ऑपरेशननंतर सावरल्याच नाहीत. वीणाला भेटायला जर्सी सिटीला जायलाच हवं. शनिवारी पहाटे निघणार. नक्की.

१६ मार्च
गेलो नाही. पाऊस होता. फॅमिली ग्रुपवर हात जोडले. बाई म्हणतात, शेवटाआधी हिरोला सगळं संपलंय असं वाटलं पाहिजे. मला तसंच वाटतंय. म्हणजे गाडी रुळावर आहे.

२२ जून
भाषण लिहिलं. तीन पानं. शेजारच्या मोहनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, यार, हे आत्ताच फोन करून सांग की. मोहनला स्ट्रक्चर कळत नाही.

१४ सप्टेंबर, दुपारी १२
निघतोय. पहाटे निघता आलं असतं, पण मग आरामात पोचलो असतो.

१५ सप्टेंबर
लिफ्ट चालू होती, तरी बारा मजले जिन्यानं चढलो. धाप लागली, त्यामुळे भाषण पहिल्या पानावरच अडकलं. वीणानं पाणी दिलं. उरलेली दोन पानं मी वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली. मग शांतपणे म्हणाली, जानेवारीत विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं तू येशील. तेव्हा आला असतास तर एक शब्द बोलायची गरज नव्हती.
नंतर तिनं जेवूनच जा म्हटलं. पाहुण्याला म्हणतात तसं.

१९ नोव्हेंबर
वकिलाची ईमेल आली. घटस्फोट झाला. कोर्टात कोणाला जावंच लागलं नाही. मी सूट इस्त्री करून ठेवला होता.
क्लासनंतर बाईंना विचारलं, हिरो पोचला आणि हिरॉइन नाही म्हणाली, तर? त्या म्हणाल्या, हिरो नक्की कोण होता ते पुन्हा तपासून बघा. मला राग आला. फी परत मागावीशी वाटली, पण क्लास फुकट आहे.
घरी येऊन अदितीला फोन केला. रडू येत होतं, म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, जानेवारीत सुलभामावशी कधी आल्या होत्या गं? ती म्हणाली, आईच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशीच. बसनं. विथ चकली.