कुत्रं झोपणार कुठं

निरगुडसर,
३ नोव्हेंबर २०२५

श्री. धर्माजीराव व्याही यांस,
सावळेरामचा स. न. वि. वि.

आमचा गोरख अजून उसातून बाहेर आलेला नाही. बांधावर शेजारचे तिघे काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन उभे आहेत. मी ओट्यावर बसून हे लिहितो आहे, कारण माझ्या गुडघ्यांकडे बघून सगळ्यांनी मला बसायला सांगितले. फोन करणार होतो. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तरी तुम्ही ऐकत नाही.

बटाट्याला, आमच्या कुत्र्याला, बिबट्याने नेले. नीट उजाडलेही नव्हते. कुत्रे गोठ्याच्या खांबाला बांधलेले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचा आज पहिला दिवस, म्हणून श्रेया लवकर उठली होती. खिडकीत उभी राहून दात घासत होती. तिने सगळे बघितले. ब्रश तोंडात तसाच, आणि फेस हनुवटीवर वाळला. तुमच्या मुलीने तिला तिथून उचलून आणले.

आता गोरख बाहेर आला. हातात नुसता दोरीचा तुकडा आहे.

शाळेची गाडी येऊन हॉर्न वाजवून गेली. तुमची नात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. नववे वर्ष सरत आलेल्या पोरीला उचलून गाडीत टाकता येत नाही. आमच्या वस्तीवरची कुत्री वर्षभरात एकेक करून गेली. आमचे शेवटचे होते.

घराला कुत्रे पाहिजे. ते असले की पोरीला धीर येईल. गोरख मोबाईलवर परदेशी जातींची चित्रे दाखवतो आणि प्रत्येकाचे वजन सांगतो, जणू बैल घ्यायचा आहे. तुमच्या पठारावरची मेंढरांची कुत्री वाघाला भीत नाहीत, असे तुम्ही मला अनेकदा सांगितले आहे. तेव्हा मी विचारले नव्हते. आता विचारतो.

लंकाबाईंना नमस्कार. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नये.

आपला,
सावळेराम


आणे,
७ नोव्हेंबर

श्री. सावळेराम व्याही यांस,
आण्याहून धर्माजीचा स. न. वि. वि.

पत्र वाचून हिने चूल विझवली आणि निरगुडसरला निघते म्हणून पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं, थांब, आधी कुत्रं जाऊ दे, मग तू. यावर ती जे बोलली ते लिहीत नाही.

गोरखला म्हणावं, ती मोबाईलमधली कुत्री मोबाईलमध्येच राहू दे. त्यांना थंड हवा लागते, पाकिटातलं खाणं लागतं. माणसासारखी ती आजारी पडतात आणि डॉक्टरकडे जाताना गाडीत पुढं बसतात. मी तुम्हाला दगडू पाठवतो आहे. आमच्या शेतात कुशाबा मेंढ्या बसवतो, त्याचं कुत्रं. उंच, राखी रंगाचं, आणि छाती अशी की दारात उभं राहिलं तर मागचं दिसत नाही. लांडगा त्याने पळवलेला मी स्वतः बघितला आहे. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण कुशाबा खोटं बोलत नाही आणि मी फार थोडं बोलतो.

लोहाराकडून त्याला खिळ्यांचा नवा पट्टा करून घेतला. बिबट्याने मान धरली तर खिळे त्याच्याच जबड्यात जातील. नारायणगावला कांदा घेऊन जाणारा टेम्पो परवा निघेल. त्यातून तो येईल, गोरखने बाजारात थांबावं. दगडूला अंगणातच ठेवा, गोठ्याच्या तोंडाशी. श्रेयाला सांगा, तुझ्या आजोबाने सगळ्या पठारातून निवडून पाठवला आहे. तिला दोन दिवसांत अंगणात खेळताना बघाल.

कुत्र्याची पारख ही काही सगळ्यांना जमणारी गोष्ट नाही. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू द्या.

तुमचा,
धर्माजी


निरगुडसर,
१५ नोव्हेंबर

ती. आबांस,
आरतीचा शि. सा. न. वि. वि.

दगडू या पत्राच्या आधी तुमच्याकडे पोचला असेल. रागावू नका. यात त्याचा दोष नाही, आणि तुमचाही नाही.

तो आला तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. मामंजी स्वतः पाण्याची बादली घेऊन पुढे झाले. पण आबा, त्याला मेंढ्या लागतात. इथे मेंढ्या नाहीत. त्याने आमच्या दोन शेळ्या आणि एक कालवड गोळा करून एका कोपऱ्यात उभी केली आणि दिवसभर हलू दिली नाही. कालवडीला पाणी प्यायलाही जाऊ देईना. दूधवाल्याच्या पँटचा पाय त्याने फाडला. दूधवाला म्हणाला, वहिनी, लई ग्वाड कुत्रं हाय, फक्त मी यायचा न्हाई. चार दिवस दगडूने भाकरीला तोंड लावलं नाही. पठाराकडे तोंड करून बसायचा. शेवटी यांनाच दया आली.

खरी गोष्ट वेगळीच आहे, ती सांगायला लिहिते आहे.

दगडू आला त्या दिवशी श्रेया दारापर्यंत आली. तिने आतूनच हात लांब करून त्या पट्ट्याच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हा रात्री झोपणार कुठं? मामंजी म्हणाले, अंगणात, अजून कुठं. ती आत निघून गेली. पुन्हा दाराशी आली नाही. नाव घेऊन हाकसुद्धा मारली नाही.

हे मंचरला एका कुत्री विकणाऱ्याकडे जाऊन आले. त्याने रॉटवायलर दाखवला, जर्मन शेफर्ड दाखवला, लॅब्राडॉर दाखवला, आणि घरात एसी आहे का विचारलं. हे म्हणाले, पंखा आहे, पण तो आमच्या वडिलांच्या डोक्यावर. घरी येऊन यांनी फोटो श्रेयापुढे धरले. तिने प्रत्येक फोटोला तेच विचारलं. हा कुठं झोपणार? विकणाऱ्याने सांगितलं होतं की ही सगळी घरात झोपतात. मामंजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, मग माणसांनी गोठ्यात झोपायचं का?

वनखात्याचा माणूस वस्तीवर येऊन गेला. तोही तेच म्हणाला. बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. जात कुठलीही आणा, अंधार पडायच्या आत दार लावून आत घ्या. मामंजींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं की माझ्या बापाने या घरात कधी कुत्रं घेतलं नाही, देव आहेत घरात, मी घेणार नाही. ते भांडले नाहीत. पण बोलणं तिथेच संपलं.

श्रेया मधल्या खोलीत बसते. बाई मोबाईलवर अभ्यास पाठवतात, तो ती नीट करते. जेवते. हसतेसुद्धा. फक्त बाहेर येत नाही. हे म्हणतात की डिसेंबर उजाडेपर्यंत अशीच राहिली तर तिला पुण्याला नणंदेकडे शाळेत घालू. तिथे ऊस नाही. नणंद तयार आहे. खोली बघून झाली. मामंजींनी हे ऐकलं. काल तिची सायकल त्यांनी उगाचच तेल घालून ठेवली.

आबा, तुम्ही त्यांना लिहा. मी बोलले तर सून शिकवायला लागली असं होईल. तुमचं ते मनाला लावून घेतात, पण वाचतात.

आईला सांगा, काळजी करू नको. पाठीवरचा हात असाच असू द्या.

तुमची,
आरती


आणे,
१९ नोव्हेंबर

श्री. सावळेराम व्याही यांस,
धर्माजीचा स. न. वि. वि.

दगडू पोचला. टेम्पोतून उडी मारून सरळ मेंढरांत गेला, माझ्याकडे बघितलंही नाही. कुशाबा हसतो आहे. तो हसतो तेव्हा फार वेळ हसतो. माझी निवड चुकली हे मी इथे एकदा लिहितो, परत लिहायला लावू नका.

मी छाती बघितली, गोरखने वजन बघितलं. पोरीने विचारलं ते आपण कुणी विचारलं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही देवाचं नाव पुढं केलंत असं कळलं. ठीक आहे, देवाचंच बोलू. चंपाषष्ठी आली आहे. देव घासायला काढाल तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक हातात घ्या. तुमच्या पणजोबांच्या वेळचा आहे, आरतीच्या लग्नात मी त्याच्या पाया पडलो आहे. देव घोड्यावर बसले आहेत. घोड्याच्या पायाशी काय आहे ते बघा. चष्मा लावून बघा. ते तुमच्या घरात चार पिढ्या आत आहे, रोज हळद-भंडारा घेतं आहे, आणि तुमच्या वडिलांनी त्याला कधी बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही.

पुण्याच्या घरात पोरीला कुणी काही कमी करणार नाही. पण संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसाल तेव्हा कुणाची वाट बघणार, हे मला कळवा.

बोचलं असेल तर आपलं समजून सोसा. पौषात आमच्या यात्रेच्या आमटीला सगळ्यांनी यायचं आहे, रुसून घरी बसायचं नाही.

तुमचा,
धर्माजी


निरगुडसर,
२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

श्री. धर्माजीराव व्याही यांस,
सावळेरामचा स. न. वि. वि.

बघितला.

तुमचे पत्र आले तेव्हा देव घासून झाले होते. पुन्हा काढला. चष्मा लावला. कुत्र्याचे शेपूट वर केलेले आहे, आणि तोंड देवाकडे. इतकी वर्षे भंडारा लावतो आहे, तिथे बोट लागत होते, नजर गेली नाही. यावर तुम्ही पुढच्या भेटीत काही बोलणार असाल तर आमटीला येत नाही.

आज घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. तळी उचलली. मग दरवर्षीप्रमाणे कुत्र्याचा घास काढला, आणि गोरखच्या आईने, ठकूबाईने, तो माझ्या हातात दिला. मी सवयीने अंगणात आलो. कुणी नव्हते. शेजारी गेलो, तिथेही नाही. पुढच्या वस्तीवर विचारले. तिथल्या म्हातारीने सांगितले, आमचं तर आखाडातच गेलं. हातात पान घेऊन मी कुत्रे शोधत निघालो. साठ वर्षे हा घास टाकतो आहे, घ्यायला कुणी नाही असे कधी झाले नव्हते.

तसाच दूध डेअरीपर्यंत गेलो. तिथल्या पत्र्याच्या खोलीत, कॅनच्या मागे, एक कुत्री व्यालेली आहे. डेअरीवरची बायडाबाई रात्री तिला कुलूप लावून आत ठेवते, म्हणून राहिली आहे. घास तिने खाल्ला. पिल्ले भाकरी खाण्याइतकी मोठी झाली आहेत. मी बघत उभा राहिलो, तर बायडाबाईने विचारले, आजोबा, कुठली जात पाहिजे? माझ्याकडं तीन जाती हायेत. तांबडी, काळी, आन् एक कान पडलेली.

मी कान पडलेली घेतली.

उपरण्यात गुंडाळून आणले. उंबऱ्याशी आलो आणि माझे पाय थांबले, ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ठकूबाई आतून बघत होती. ती आली, पिल्लू माझ्या हातातून घेतले, मला पाय धुवायला सांगितले, आणि आत गेली. नंतर म्हणाली की बटाट्या गेल्यापासून हेच सांगायचे होते, पण तुमचे तोंड बघून गप्प बसले. मी विचारले, कुठले तोंड? ती म्हणाली, हेच.

पिल्लू मधल्या खोलीत सोडले. श्रेया भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. तिने वर बघितले आणि मला तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, इथेच. दार लावून. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी मागे फिरणार नाही ना, हे बघत असावी.

पण घरात शिस्त पाहिजे म्हणून मी एक अट घातली. याने घरात घाण केली तर हा परत डेअरीत जाईल. मी हे सहज बोललो. पोरीने ते फार मनावर घेतले. पिल्लाने जमीन हुंगायला सुरुवात केली की ती त्याला उचलून अंगणात धावायची, आणि उरकले की आत. ऊन होते, माणसे होती. आरतीने मला खुणेने गप्प बसायला सांगितले. असे बऱ्याच वेळा झाल्यावर एकदा ती अंगणाच्या मधोमध थांबली. आपण कुठे उभ्या आहोत ते तिच्या ध्यानात आले. तिने उसाकडे बघितले. पाने हलत होती. मी ओट्यावर होतो, उठलो नाही. पिल्लू गोठ्याच्या खांबाशी रमले होते, त्याचे उरकेना. ती तिथेच उभी राहिली. त्याचे होईपर्यंत राहिली. मग त्याला घेऊन चालत आत आली, धावत नाही.

गोरखने पुण्याला बहिणीला अजून काही कळवलेले नाही. मीही विचारले नाही. दिवेलागणीला मी स्वतः दार लावले आणि कडी घातली. पिल्लू गोणपाटावर झोपले आहे, देव्हाऱ्यापासून लांब, पण आत. नाव ठेवायचे चालले आहे. गोरखने तुमचे नाव सुचवले. मी विरोध केला नाही.

दगडूला भाकरी जाते का ते कळवा. कुशाबाला म्हणावे, हसून झाले असेल तर इकडे येऊन जा. लंकाबाईंना नमस्कार. आहे हा जिव्हाळा दोन्ही घरांनी जपावा, एवढेच मागणे.

आपला,
सावळेराम

ता. क. २७ नोव्हेंबर, सकाळ. पत्र टाकायचे राहिले होते. पिल्लाने रात्री माझ्या चपलेत केले. मी ती कुणी उठायच्या आत धुऊन ठेवली आहे, तुम्हीही बोलू नका. श्रेयाने त्याला अंगणातून फिरवून आणले, आत बांधले, डबा घेतला आणि शाळेच्या गाडीत बसून गेली.