ट्रंकेवरची पांढरी अक्षरं

मंगळवार संध्याकाळ, घणसोली

फोटो काढून टाकला. पण तीन दिवस ब्लॉगवर होता, त्याचं काय?

दुपारी साताऱ्याहून शुभाताईंचा फोन. ब्लॉग लिहिणाऱ्या आम्हा फौजींच्या बायकांमध्ये त्याच सगळ्यांत जुन्या. "लेख छान झालाय गं, पण सुधीरची ट्रंक फारच बोलकी आहे बाई!"

फोटोतल्या ट्रंकेवर माझ्या नवऱ्याचा नंबर, नाव, युनिट. सगळं वाचता येत होतं. लेखात मी ठिकाण लिहिलं नाही, तो सुट्टीवरून कधी परतला तेही नाही. आमचा नियमच आहे तो, नव्या मुलींना मीच समजावते. आणि पुसट झालेली ती अक्षरं सुट्टीत गॅलरीत बसून पांढऱ्या रंगाने ठळक केली, तीही मीच. फोटोत उठून दिसतील, असं तेव्हा मनात आलं होतं का? आलं असावं.

शुभाताई म्हणाल्या, "काढलास ना? मग गप्प बस. त्याला कशाला टेन्शन?"

खरंच, कशाला? त्याच्या बढतीचं याच महिन्यात ठरायचं आहे.

सहाला त्याचा फोन आला आणि मी सांगून टाकलं. तो म्हणाला, "उद्या साहेबांना सांगतो."

"नाही सांगितलंस तर कुणाला कळणार आहे?"

"मग तू मला का सांगितलंस?"

चहा झाला का, एवढंच मी विचारलं.