फुटबॉल मॅनेजर क्रुमिन्श यांची निरवानिरव

मी, आर्विड्स क्रुमिन्श, वय वर्षे ५४, धर्म ख्रिस्ती, धंदा फुटबॉल संघाचा मॅनेजर, मूळ राहणार रिगा, देश लातव्हिया, हल्ली मुक्काम सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय करून ठेवतो. हृदय थकले आहे असे डॉक्टर सांगतात. डोके ठिकाणावर आहे. मराठी बोलतो, लिहिता येत नाही. म्हणून मी सांगतो आणि अर्जनवीस नाथाजी घाडगे लिहितात. इथे मला सगळे अरविंदसाहेब म्हणतात. कबरीवर मात्र खरे नाव घालावे, आणि देशाचेही. तो देश १९४० साली रशियाने गिळला. नकाशात सापडत नाही म्हणून गाळू नये.

१. रिग्यात मी गोदी कामगारांच्या संघाचा अकरा वर्षे मॅनेजर होतो. दोनदा अजिंक्यपद मिळवले. १९३८ साली मुंबईच्या एका गिरणीने दोन वर्षांच्या कराराने बोलावले. लढाई सुरू झाली, परतीची वाट बंद झाली, गिरणीने संघ मोडला. पत्नी मिल्डा हिचे शेवटचे पत्र जून १९४१ चे. ती हयात असल्यास माझे घड्याळ तिला पोचवावे. न सापडल्यास माझ्याबरोबर पुरावे. तिने दुसरे लग्न केले असल्यास माझी तक्रार नाही.

२. स्टोव्ह, खाट व घोंगडी घरमालकीण बनुबाई यांना. सहा वर्षे त्यांची भाकरी खाल्ली. "आवं सायेब, सावकाश जेवा. तुमचा देश कुटं पळून जात न्हाई," असे त्या म्हणत. तो गेलेलाच होता. मी त्यांना कधी सांगितले नाही.

३. दोन चेंडू, पंप व शिट्टी कडेगावच्या संघाला. गेली दोन वर्षे मी त्या संघाला शिकवत आहे. माझ्यामागे खेळाडू निवडण्याचा अधिकार भाऊसो निकम मास्तरांचा. कोणी बडा माणूस सांगेल म्हणून त्यांनी एकही नाव बदलू नये. मी बदलले होते, ते पुढे सांगतो.

४. १९४१ अखेर सरकारने परदेशी म्हणून मला साताऱ्यात आणून ठेवले; १९४२ पासून मी इथे फौजेतल्या जवानांच्या संघाला शिकवत असे. जतकडचा धनगर बिराप्पा हरिबा हा माझा गोलकीपर. तसा गोलकीपर मी रिग्यातही पाहिला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये अंतिम सामन्याच्या सकाळी एका अधिकाऱ्याने आपला माणूस गोलात उभा करायला सांगितले. माझा राहण्याचा परवाना त्याच्याच सहीने चाले. मी मान डोलावली. बिराप्पाने विचारले, "माजं काय चुकलं, सायेब?" मी म्हणालो, "तुझे हात कापतात." आम्ही चार गोलांनी हरलो. बिराप्पाने पुन्हा चेंडूला हात लावला नाही.

ते खोटे होते. त्याचे हात कधीही कापले नाहीत. रिग्याचे सुवर्णपदक, माझ्याकडचे एवढेच सोने, बिराप्पाला द्यावे.

५. काल त्याला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "चार वर्सं ह्या हातांस्नी नावं ठिवली मी. पोरगं जल्मलं, तवा उचलून घ्यायला भ्यालो." त्याने विचारले, "साक्षीदार कोन?" नाथाजींनी सांगितले की एक भाऊसो, दुसरा शोधायचा आहे, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही.

"मग पदक ऱ्हाऊ द्या. साक्षीला मीच ऱ्हातो. ह्ये लिवलंय, त्याच्याखाली माजं नाव पायजे."

मी समजावले, ऐकत नाही. सबब कलम ४ मधील पदकाची देणगी रद्द समजावी. पदक त्याचा मुलगा धुळा, वय दोन वर्षे, यास द्यावे. कायद्याची हरकत नाही, असे नाथाजी म्हणतात. बिराप्पाला अजून सांगितलेले नाही.

सातारा, तारीख १४ नोव्हेंबर १९४७

सही: आर्विड्स क्रुमिन्श

आमच्यासमक्ष सही केली:
१. भाऊसो निकम, शिक्षक, कडेगाव
२. बिराप्पा हरिबा, गोलकीपर